माळ्यावरच्या ट्रंकेपासून अभ्यासवर्गापर्यंत: महाराष्ट्राचा उजवा राजकीय वारसा कसा जपायचा आणि कसा शिकवायचा

जुनी कागदपत्रं बघायला म्हणून मी गेल्या काही वर्षांत बऱ्याच घरी गेलो आणि बऱ्याच ठिकाणी एकच वाक्य ऐकलं, "अहो, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलं सगळं." सगळं म्हणजे काय, तर जनसंघाच्या पणतीचं चिन्ह असलेली हँडबिलं, स्वतंत्र पक्षाची वर्गणीची पावतीपुस्तकं, गावातल्या हिंदुमहासभेच्या बैठकांची इतिवृत्तं, आणीबाणीत जेलमधून आलेली सेन्सॉरचा शिक्का मारलेली पत्रं. ज्यांनी डिपॉझिट जप्त होणार हे माहीत असूनही दर निवडणुकीला फॉर्म भरला त्या लोकांचा एवढाच तर पुरावा होता, आणि तो किलोच्या भावाने गेला. फार वाईट वाटतं. आपण जयंतीला फ्लेक्स लावतो, पण त्या माणसाने १९५७ साली आपल्या तालुक्यात उभं राहून नेमकं काय सांगितलं होतं हे विचारलं तर कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. तुम्ही या विचाराचे असा किंवा नसा, आपल्या भागाच्या परंपरावादी, उजव्या राजकारणाचा इतिहास नीट जमवायचा आणि तो पोरांना शिकवायचा असेल तर कुठून सुरुवात करायची, कुठे वेळ जातो, कुठे चुका होतात, ते सगळं.

आधी ठरवा, उजवा म्हणजे कोण

हे काम लोक टाळतात आणि मग सहा महिन्यांनी भांडणं होतात. महाराष्ट्रात हा शब्द एका पक्षाचा कधीच नव्हता, निदान चार वेगळे प्रवाह आहेत.

पहिला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांचा. १८७४ ला निबंधमाला, १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ ला केसरी आणि मराठा, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी. हा क्रम पोरांना मुद्दाम दाखवा, कारण ही माणसं आधी मास्तर झाली आणि मग पुढारी. दुसरा प्रवाह न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे यांच्या प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे कायदेमंडळात जा, मिळेल ती सत्ता वापरा आणि बाकीच्यासाठी भांडा. आज हा प्रवाह जवळपास विसरलाच गेलाय. तिसरा हिंदुत्वाचा: १९२५ ला नागपुरात संघ, १९३६ ला वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकरांची राष्ट्र सेविका समिती, १९३७ पासून सावरकरांच्या अध्यक्षपदाखालची हिंदुमहासभा, १९५१ ला जनसंघ. आणि चौथा आर्थिक स्वातंत्र्याचा, ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ ला मुंबईत सुरू केलेला फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज, आणि १९५९ चा स्वतंत्र पक्ष, ज्याच्या संस्थापकांत मिनू मसानी होते. शरद जोशींची शेतकरी संघटना आणि त्यांचा १९९४ चा स्वतंत्र भारत पक्ष यात धरायचा की नाही यावर तुमच्या ग्रुपमध्ये वाद होईल, होऊ द्या, चांगला वाद आहे तो.

उजवा आणि सनातनी हे एकच समजू नका. १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं राहिलं तेव्हा सावरकरांना सगळ्यात कडवा विरोध सनातन्यांचाच होता. टिळक राजकारणात जहाल, पण सामाजिक सुधारणेत सावध. रानडे बरोबर उलटे. पोरांना हे एकदा कळलं की अर्धा अभ्यास तिथेच होतो.

मग आपली हद्द लहान ठेवा. 'महाराष्ट्रातलं उजवं राजकारण' असा विषय घेतलात तर काहीच हाती लागणार नाही, एक जिल्हा घ्या आणि वीस-पंचवीस वर्षं घ्या. समजा धुळे किंवा रत्नागिरी, १९५१ ते १९८०. १९५७ च्या लोकसभेत जनसंघाचे अख्ख्या देशात चार खासदार आले, त्यातले दोन तेव्हाच्या मुंबई राज्यातले, धुळ्याचे उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीचे प्रेमजीभाई आसर. दिल्लीतला इतिहास वाचणाऱ्याला हे दोन जिल्हे दिसतच नाहीत. आणि ते निवडून आले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, त्या मागणीसाठी झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत जनसंघ लाल बावटेवाल्यांच्या आणि समाजवाद्यांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. मग प्रश्न पडतो की मतं पणतीला पडली की मराठी राज्याला, आणि तुमच्या जिल्ह्यातला एखादा म्हातारा पोलिंग एजंट याचं जे उत्तर देईल ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.

ट्रंक उघडताना

इथे घाई करू नका. पहिल्या भेटीत कागद मागायचे नाहीत, चहा घ्यायचा, ऐकायचं, घरातल्या सुनेला किंवा मुलाला काय करणार आहोत ते नीट सांगायचं, कारण कागद टाकायचे की ठेवायचे हे शेवटी तेच ठरवतात. मूळ कागद शक्यतो घरातच राहू द्या आणि तिथेच स्कॅन करा. "आम्ही घेऊन जातो, परत आणून देतो" म्हणणाऱ्यांनी आजवर इतकं हरवलंय की लोकांचा विश्वास उरलेला नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मागच्या पावसाळ्यात एका घरी हिरवी पत्र्याची ट्रंक उघडली. वर जुन्या धोतराचा तुकडा, त्याखाली दिवाळी अंक, आणि तळाशी दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा. टाचण्यांचा गंज कागदात उतरलेला, एका पत्रकावर कोणीतरी प्रेमाने सेलोटेप लावलेली आणि ती पिवळी पडून अक्षरंच खाऊन बसलेली. गठ्ठा आहे तसाच राहू द्यायचा, म्हणजे आधी तो ज्या क्रमाने आहे त्या क्रमाचा फोटो काढायचा आणि मगच सोडायचा, कारण कुठल्या पत्राला कुठलं पत्र चिकटून होतं यातही माहिती असते. त्या गठ्ठ्यात सभेच्या खर्चाचा हिशोब होता, टांगा, खळ, कागद, बत्तीचं भाडं. शेवटची ओळ, 'शिल्लक नाही, उणे रक्कम स्वतः भरली.' मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

टेक्निकल गोष्टी फार नाहीत. टाचण्या, स्टेपल हळूच काढा, रबरबँड काढा, सेलोटेप नवीन लावू नका आणि लॅमिनेशन तर चुकूनही नको, ते परत निघत नाही. लिखाण ३०० डीपीआयला, फोटो ६०० ला स्कॅन करा. फ्लॅटबेड स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल पण खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, आणि पाठकोरी बाजूसुद्धा घ्या, पेन्सिलीतल्या नोंदी तिथेच असतात. फाइलला नाव देताना वर्ष, गाव, प्रकार, नंबर एवढं ठेवा, आणि एका एक्सेल शीटमध्ये कोणाकडून मिळालं, कधी स्कॅन केलं, मूळ कुठे आहे ते त्याच दिवशी भरा. उद्या भरू म्हटलं की संपलं. तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर आणि एक क्लाउडवर, त्यातली एक डिस्क दुसऱ्याच्या घरी. जास्त जुने कागद असतील तर मोडीत निघू शकतात, फेकू नका, मोडी वाचणारे आहेत आणि शिकवणारेही आहेत.

मूळ कागद घरात कोणालाच नको असतील तर एखाद्या संस्थेशी बोला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, राज्याचं पुराभिलेखागार आहे, नाहीतर तुमच्या शहरातलं शंभर वर्षं जुनं वाचनालय. देण्याआधी त्यांच्याकडून लेखी पोच घ्या आणि अभ्यासकांना बघायला मिळेल ना हे विचारून घ्या.

माणसं आधी, कागद नंतर

खरं सांगायचं तर कागद अजून दहा वर्षं थांबेल, माणसं थांबणार नाहीत. आणीबाणी २५ जून १९७५ ला लागली, तेव्हा विशीत असलेला पोरगा आज सत्तरीच्या पुढे आहे. येरवड्यात, नाशिक रोडला मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, स्थानबद्ध असलेले किती जण उरलेत याची तुमच्या तालुक्यापुरती यादी आज संध्याकाळी करा आणि वयाने सगळ्यात मोठे असतील त्यांच्याकडे आधी जा.

प्रश्न कसे विचारता यावर सगळं आहे. "आजोबा, आणीबाणीबद्दल तुमचं मत काय?" असं विचारलं की भाषण सुरू होतं, तेच भाषण जे त्यांनी पन्नास वेळा केलंय. त्याऐवजी विचारा, "आजोबा, पोलीस आले तेव्हा तुम्ही घरात काय करत होतात?" "बराकीत शेजारी कोण होतं?" "पहिलं पत्र कोणाला लिहिलंत?" मग ते थांबतात, डोळे मिटतात, आणि खरं बोलायला लागतात. बऱ्याच जणांकडून हे ऐकायला मिळेल की शेजारच्या कॉटवर समाजवादी होता आणि वर्षभर वाद घालून शेवटी दोघांची दोस्ती झाली. आणि आजीला वेगळं बसवून विचारा. नवरा आत असताना घर कसं चाललं, कोणी मदत केली, कोणी रस्ता बदलला, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नसतं आणि त्यांना कोणीच विचारलेलं नसतं.

रेकॉर्डिंग शक्यतो डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये, पंखा बंद, एका बैठकीला दीड तासाच्या वर नको. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि नाव बोलून घ्या. संमतीचा एक साधा मराठी कागद ठेवा, त्यात हे रेकॉर्डिंग कोण ऐकू शकतं, नाव लपवायचं का, एखादा भाग अमुक वर्षं बंद ठेवायचा का हे तीन प्रश्न असू द्या. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात हे धरून चाला, ते काम कॉलेजच्या पोरांना द्या, तेच त्यांचं खरं शिक्षण आहे.

मात्र आठवण म्हणजे पुरावा नव्हे. म्हातारपणी निवडणुकांची सालं सरकतात, दोन सभा एक होतात. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर १९५१ पासूनचे निकालाचे अहवाल आहेत, मतदारसंघानुसार, मतांसकट. संसदेतल्या चर्चा ऑनलाइन वाचता येतात. जुने पेपर मोठ्या वाचनालयांत बांधून ठेवलेले असतात. आजोबांची आठवण आणि आकडा जुळला नाही तर दोन्ही लिहून ठेवा, आठवण खोडू नका.

अभ्यासवर्ग: एक बैठक जवळून

जमवलेलं कपाटात राहिलं तर उपयोग शून्य. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये न्या. रानड्यांनी सुरू केली, कायदेपंडित नानी पालखीवालांचं बजेटवरचं भाषण ऐकायला लोक ब्रेबॉर्न स्टेडियम भरून टाकायचे, ही आपल्याकडची लोकशिक्षणाची सवय आहे. पण व्याख्यानात माणूस ऐकतो आणि घरी जातो. मला स्वतःला पंधरा-वीस जणांचा वर्ग जास्त आवडतो, महिन्यातून एकदा, दोन तास, आणि प्रत्येक वेळी एकच मूळ मजकूर समोर.

पहिल्या बैठकीला मी १८९१ चा संमतिवयाचा कायदा घेतो. मुद्दाम. कारण आपल्या वारशातलं ते सगळ्यात अडचणीचं पान आहे आणि तिथून सुरुवात केली की पुढे कोणाला वाटत नाही की आपल्याला गंडवलं जातंय. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने गेली, मग सरकारने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ करायचं ठरवलं आणि टिळकांनी केसरीतून कडाडून विरोध केला. अर्धा तास केसरीची बाजू वाचायची: परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करून घुसू नये, सुधारणा समाजाने आतून करावी. टिळकांनी स्वतः सुचवलं होतं की सुधारकांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं, मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही असं लिहून द्यावं. मग अर्धा तास आगरकरांची बाजू. ते १८८७ ला केसरी सोडून गेले आणि १८८८ ला सुधारक काढला. त्यांचं म्हणणं, समाज आतून बदलायची वाट बघत बसलं तर मधल्या काळात मेलेल्या मुलींचं काय?

मग वर्गाचे दोन भाग करायचे आणि ज्याला टिळक पटतात त्याला आगरकरांच्या बाजूने बोलायला लावायचं. एकदा एक बावीस वर्षांची मुलगी टिळकांच्या बाजूने बोलायला उभी राहिली, तिला ते अजिबात पटत नव्हतं, आणि पाच मिनिटांनी म्हणाली, "सर, मला अजूनही आगरकरच बरोबर वाटतात, पण कायद्याने माणूस बदलत नाही हा मुद्दा खोडता येत नाहीये मला." मला यापेक्षा जास्त काही नको होतं. परंपरावादाचा गाभा तोच आहे, बदल कोणी करायचा आणि किती वेगाने, आणि तो समजायला टिळकांशी सहमत व्हावं लागत नाही. फुलमणीसारख्या मुलींचा जीव वाचवायला कायदा हवाच होता असं माझंही मत आहे आणि ते मी वर्गात सांगतो.

पुढचे विषय असे निवडा की ज्यात खरा पेच आहे. जानेवारी १९५९ ला काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याच वर्षी त्याच्या विरोधातून स्वतंत्र पक्ष उभा राहिला, १९६७ ला लोकसभेत ४४ जागांपर्यंत गेला आणि १९७४ ला दुसऱ्या पक्षात विलीन होऊन संपला. का संपला? किंवा हे घ्या: मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला तो १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे जनता सरकारच्या काळात, ज्यात जनसंघवाले मंत्री होते. ज्या हक्कासाठी मसानी आयुष्यभर भांडले तो काढताना उजवे सरकारात बसलेले होते, हे कसं झालं? आणि १९८० च्या डिसेंबरात वांद्र्याच्या अधिवेशनात नव्या भाजपने गांधीवादी समाजवाद का घेतला? यावर वर्गात इतकं बोलणं होतं की दोन तास पुरत नाहीत.

एक बैठक रामभाऊ म्हाळगींवर ठेवाच. १९५७ ला मावळातून जनसंघाचे आमदार, नंतर ठाण्याचे खासदार, आणि आपण काय काम केलं याचा दरवर्षी छापील अहवाल मतदारांना देणारा माणूस. पोरांना सांगा, आपल्या आजच्या नगरसेवकाकडे असा अहवाल मागा, पक्ष कुठलाही असो.

दुखणारी पानं

३० जानेवारी १९४८ हे पान टाळून हा विषय शिकवता येत नाही. गांधीजींचा खून करणारा माणूस याच प्रांतातला, याच राजकारणातून आलेला, हे सरळ सांगायचं. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळली, ज्यांचा काही संबंध नव्हता अशी घरं जळली, हेही सरळ सांगायचं, आणि त्या आगीत कागदही गेले हे तुम्हाला सातारा-सांगलीकडे काम करताना पदोपदी जाणवेल. एक सांगून दुसरं लपवलं तर पोरगा घरी जाऊन मोबाइलवर बघणारच आहे, आणि मग तुमचं बाकीचंही खोटं समजणार आहे. जातीचंही तसंच. या चळवळींत दीर्घकाळ कोण होतं आणि कोण नव्हतं, का नव्हतं, याची उत्तरं वर्गात फुले-आंबेडकर वाचल्याशिवाय मिळत नाहीत. ते वाचा. विरोधकाचं म्हणणं त्याच्या शब्दांत मांडता आलं पाहिजे, त्याशिवाय त्याला अभ्यासवर्ग म्हणू नका, प्रचारसभा म्हणा.

शाळा, पैसा आणि कायदा

शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, कुठल्याही पक्षाचा झेंडा नाही, चालू पुढारी नाही, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात अजिबात नाही. शाळेतल्या पोरांना विचारसरणी शिकवू नका, स्रोत कसा वाचायचा ते शिकवा. १९५७ चं एक पत्रक द्या आणि विचारा, हे कोणी लिहिलं, कोणासाठी, यात काय सांगितलेलं नाही? आठवीतली पोरं भन्नाट उत्तरं देतात.

सुरुवातीला संस्था काढायची गरज नाही, वर्षभर काम टिकलं तर मग सात जण मिळून सोसायटी रजिस्टर करा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. पैसे कोणाकडूनही घ्या, पण पावती द्या आणि उमेदवाराकडून घेऊ नका, कारण त्या दिवसापासून संग्रह त्याचा होतो.

कॉपीराइट लोकांना माहीतच नसतो. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे चिपळूणकर, टिळक, आगरकर, केळकर यांचं लिखाण छापायला मोकळं आहे, अलीकडे गेलेल्यांचं नाही. आणि पत्राच्या बाबतीत, कागद ज्याला आलं त्याचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, तेव्हा जेलमधलं पत्र वेबसाइटवर टाकायच्या आधी लिहिणाऱ्याच्या घरच्यांना विचारा.

आणि स्कॅन झालं की एक पेनड्राइव्ह त्या घरी नेऊन द्या, सोबत दोन-चार मोठ्या अक्षरांतले प्रिंट, म्हणजे आजोबांना वाचता येतील. त्या हिरव्या ट्रंकेच्या घरी मी हिशोबाच्या कागदाचा प्रिंट दिला तेव्हा नातवाने तो वाचला आणि विचारलं, "ही उणे रक्कम आजोबांनी भरली?" आजी म्हणाल्या, "माझी एक बांगडी गेली त्यात." तेवढं मी लगेच त्या शीटमध्ये लिहून घेतलं, तारखेसकट.